विश्लेषण : सर्वांत मोठी बोली लावूनही माल का मिळत नाही? ऑनलाइन लिलावातील गुप्त राखीव किंमत कितपत न्याय्य?

पडद्यावरचे घड्याळ शून्यावर येते. सर्वांत वरची बोली आपलीच असते. तरीही निकालाच्या रकान्यात ‘विकले’ असे न उमटता ‘मंजुरीच्या अधीन’ असे शब्द येतात. पुढे काही दिवस फोन, ईमेल, वाट पाहणे. आणि शेवटी बहुतेकदा एका ओळीचा नकार. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या पट्ट्यात कारखान्यांचे भंगार, जुनी यंत्रे किंवा कर्ज थकल्याने ओढून आणलेली वाहने ऑनलाइन लिलावात घेऊ पाहणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला हा प्रकार नवा वाटणार नाही. कारण विकणाऱ्याने एक किमान किंमत आधीच ठरवलेली असते आणि ती बोली लावणाऱ्यांपैकी कुणालाही सांगितलेली नसते. या गुप्ततेला कायद्याची मुभा आहे का, तिचा फायदा कुणाला होतो आणि तोटा कुणाच्या खिशातून जातो, याचा हा आढावा.

राखीव किंमत म्हणजे काय?

ज्या किमतीखाली माल विकायचा नाही असे विकणाऱ्याने ठरवलेले असते, ती राखीव किंमत. महसूल खात्याच्या जुन्या भाषेत तिला ‘हातची किंमत’ म्हणतात आणि वाळूघाटांच्या लिलावामुळे हा शब्द गावोगावी माहीत आहे. राखीव किंमत आणि लिलाव जिथून सुरू होतो ती किंमत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. राखीव किंमत उघड असेल, तर बोली तिथूनच किंवा तिच्यावरून सुरू होते. ती गुप्त असेल, तर बोली बऱ्याच खालून सुरू करता येते. पाच-सहा जण चढाओढीने बोली वाढवत नेतात आणि शेवटची बोली त्या अदृश्य रेषेच्या वर गेली की नाही, हे लिलाव संपल्यावरच कळते.

ऑनलाइन मंचांची पद्धत एकसारखी नाही. ईबेसारख्या परदेशी संकेतस्थळावर विक्रेत्याने गुप्त किंमत ठेवली असेल, तर ‘राखीव किंमत अजून गाठलेली नाही’ असा इशारा बोली चालू असतानाच दिसतो. आकडा लपलेला असला तरी आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत, एवढे ग्राहकाला समजते. भारतात सरकारी आणि औद्योगिक भंगाराच्या विक्रीतला मोठा मंच म्हणजे केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील, १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी. तिथे लिलाव संपल्यावर लॉटपुढे ‘विकले’, ‘एसटीए’ म्हणजे मंजुरीच्या अधीन, किंवा ‘नाकारले’ अशी नोंद येते. रेल्वेच्या भंगार लिलावातही राखीव किंमत आधी ठरते आणि ती गोपनीय असते. वित्तपुरवठा कंपन्यांनी ताब्यात घेतलेली वाहने विकणाऱ्या खासगी मंचांवर ‘अप्रूव्हल’ हा शब्द इतका रुळला आहे, की गाडी ‘अप्रूव्हलला गेली’ म्हटले की जुन्या गाड्यांचा दलाल लगेच समजतो.

निघोजे परिसरात हा प्रश्न महत्त्वाचा का?

इंद्रायणीच्या काठचे निघोजे हे काही दशकांपूर्वीपर्यंत शेतीचे गाव होते. आज चाकण औद्योगिक क्षेत्राचे टप्पे गावाला लागून पसरले आहेत. महिंद्राचा आणि फोक्सवॅगनचा असे वाहन उद्योगातले दोन मोठे कारखाने याच परिसरात आहेत. त्यांच्या आणि इतर मोठ्या कारखान्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतील शेकडो पुरवठादार उभे आहेत. वाहन उद्योगात पत्रा दाबून, कापून, कातून भाग तयार होतात. म्हणजे प्रत्येक भागामागे काही ना काही उरतेच. प्रेस शॉपचे कटिंग, लेथखालचे टर्निंग, लोखंडी चुरा, तुटके पॅलेट, पुठ्ठा, जुने डाय, निकामी यंत्रे. हा माल रोज निघतो आणि रोज उचलावा लागतो, नाहीतर कारखान्यात पाय ठेवायला जागा उरत नाही.

या मालावर जगणारी साखळी मोठी आहे. वजनकाट्यावरचा माणूस, हायड्रा चालवणारा, माल वेगळा करणाऱ्या बायका, टेम्पोवाला आणि शेवटी जालन्याच्या भट्टीपर्यंत ट्रक नेणारा चालक. पूर्वी हा व्यवहार ओळखीवर, कधी वजनावर आणि कधी दमदाटीवर चालायचा. औद्योगिक पट्ट्यांतील भंगाराचे ठेके आणि त्यामागची गुंडगिरी हा पोलिसांच्या आणि उद्योजकांच्या बैठकांतला नेहमीचा विषय राहिला आहे. ऑनलाइन लिलावाने एक मोठी गोष्ट साधली. बोली लावायला कारखान्याच्या दारात जावे लागत नाही आणि समोर कोण बसले आहे ते दिसत नाही. ज्याच्यामागे माणसे नाहीत, अशा नव्या व्यापाऱ्यालाही त्यामुळे बोली लावता येऊ लागली. म्हणूनच या पद्धतीवरचा विश्वास टिकणे महत्त्वाचे आहे. तो उडाला, तर माणसे पुन्हा दाराशी जाऊन ‘बसून ठरवू’ म्हणू लागतील.

किंमत लपवण्यामागे विकणाऱ्याचा हेतू काय?

पहिले आणि सर्वांत वजनदार कारण म्हणजे बोलीदारांचे साटेलोटे. ठरावीक आठ-दहा व्यापारीच एखाद्या प्रकारचा माल घेत असतील, तर ‘या वेळी तू घे, पुढच्या वेळी मी’ असे ठरवणे अवघड नसते. राखीव किंमत किलोला ३४ रुपये अशी उघड असेल, तर टोळके ३४ रुपये १० पैशांवर थांबते आणि बाजारभाव ३८ असला तरी वरचे पैसे आपसात वाटून घेते. किंमत गुप्त असेल तर कुठे थांबायचे हे त्यांना कळत नाही. खूप खाली थांबले तर माल हातचा जातो. असे संगनमत स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली प्रतिबंधित आहे. पण गावपातळीवरचे तोंडी ठरलेले संगनमत सिद्ध करणे ही वेगळीच गोष्ट. विकणारा त्यामुळे आयोगाकडे जाण्याऐवजी आकडा झाकण्याचा सोपा उपाय करतो.

दुसरे कारण माणसाच्या स्वभावाचे. खालून सुरू झालेल्या बोलीत जास्त जण उतरतात. एकदा उतरले की ‘आता थोडे आणखी’ म्हणत वर जातात. तिसरे कारण फारसे बोलले जात नाही. राखीव किंमत उघड केली आणि माल विकला गेला नाही, तर पुढच्या लिलावात ती कमी केल्याचे सगळ्यांना दिसते. ‘याला माल काढायचीच घाई आहे’ असा त्याचा अर्थ निघतो. गुप्त किंमत गुपचूप कमी करता येते.

यातले एकही कारण लबाडीचे नाही. आपल्या मालाची किमान किंमत मनात ठेवणे हा विकणाऱ्याचा हक्क आहे. घर विकणारा माणूसही पहिल्याच भेटीत ‘एवढ्यापर्यंत खाली येईन’ असे सांगत नाही.

मग अन्याय नेमका कुठे होतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. निघोज्यातील एका छोट्या व्यापाऱ्याने २० टन पत्रा कटिंगच्या लॉटवर किलोला ३३ रुपये ही सर्वोच्च बोली लावली. मालाची किंमत झाली ६ लाख ६० हजार रुपये; जीएसटी वेगळा. बोली लावण्यापूर्वी त्याने एक लाख रुपये बयाणा भरला आहे. विकणाऱ्याची गुप्त किंमत आहे ३५. लॉट ‘मंजुरीच्या अधीन’ गेला आणि अटींनुसार त्याची बोली दहा दिवस बांधील राहिली. या दहा दिवसांत त्याने माघार घेतली तर बयाणा जप्त.

आता दहा दिवसांत पोलादाचा भाव कुठेही जाऊ शकतो. तो पडून ३१ झाला, तर विकणाऱ्याला ३३ ची बोली एकदम गोड वाटू लागते. मंजुरीचा ईमेल येतो आणि व्यापाऱ्याला बाजारात ६ लाख २० हजारांना मिळणारा माल ६ लाख ६० हजारांना उचलावा लागतो. ४० हजारांचा फटका. उलट भाव ३६ झाला, तर तोच विकणारा ‘राखीव किंमत गाठली नाही’ म्हणून बोली नाकारतो आणि नवा लिलाव लावतो. व्यापाऱ्याला होऊ शकणारा ६० हजारांचा फायदा विकणाऱ्याकडे जातो. भाव वर जावो वा खाली, निवड एकाच्याच हातात राहते. शेअर बाजारात अशा निवडीच्या हक्काला ‘ऑप्शन’ म्हणतात आणि त्यासाठी रोख पैसे मोजावे लागतात. इथे विकणाऱ्याला तो फुकट मिळतो आणि त्याची किंमत बयाणा अडकवून बसलेला बोलीदार भरतो.

खरी मेख आकडा लपवण्यात नाही, ती इथे आहे. गुप्त किमतीला ‘नंतर बघू’ची जोड मिळाली, की राखीव किंमत ही आधी ठरलेली रेषा राहत नाही, निकाल पाहून पुढे-मागे सरकवता येणारी दोरी होते. ३३ च्या बोलीला नकार मिळाला तेव्हा गुप्त किंमत खरोखर ३५ होती, की बोली पाहिल्यावर ती ३५ झाली, हे बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. विकणारा प्रामाणिक असला तरी ते सिद्ध करण्याचे साधन त्याच्याकडेही नसते.

दुसरा धोका गळतीचा. गुप्त आकडा कुणाला तरी माहीत असतोच. मूल्यांकन करणारा, खरेदी-विक्री विभागातील कर्मचारी, लेखा विभाग, मंचावर लॉट चढवणारा. त्यातल्या एकाकडून तो आकडा एकाच बोलीदाराला कळला, तर बाकीचे सगळे डोळ्यांवर पट्टी बांधून खेळतात आणि तो एकटा उघड्या डोळ्यांनी. उघड राखीव किमतीचे टोळके माल स्वस्तात नेत असेल, पण निदान आकडा सर्वांना सारखाच माहीत असतो. फुटलेल्या गुपिताइतकी असमानता कोणत्याच पद्धतीत नाही.

तिसरा मुद्दा किरकोळ वाटतो, पण छोट्या माणसासाठी तोच मोठा असतो. मोठा व्यापारी एकाच वेळी पंधरा लॉटवर बयाणा अडकवू शकतो. चार नाकारले गेले तरी त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्याकडे खेळते भांडवलच पाच-सात लाख आहे, त्याचा एक लाख दहा दिवस निष्फळ अडकला की तेवढे दिवस टेम्पो उभा. शिवाय लॉट पाहायला जाणे, मालाची प्रत अजमावणे, ओला चुरा किती आणि सुका किती याचा अंदाज घेणे, या सगळ्याचा खर्च वेगळाच. कधीच विकायचा नव्हता अशा लॉटवर घालवलेला दिवस कुणी भरून देत नाही. काही विक्रेते केवळ बाजारभाव अजमावण्यासाठी लिलाव लावतात, ही व्यापाऱ्यांची तक्रार याच पोटी असते.

चाकणच्या कांदा बाजारात हाच प्रश्न का येत नाही?

निघोज्यापासून काही किलोमीटरवर खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचा चाकणचा महात्मा फुले बाजार आहे. कांदा-बटाट्याचा लिलाव तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शेतकरी आपल्या वक्कलाजवळ उभा असतो, व्यापारी बोली वाढवत नेतात. शेवटचा भाव पटला नाही तर शेतकरी ‘द्यायचा नाही’ म्हणू शकतो. म्हणजे त्याच्याही मनात राखीव किंमत असते, तीही गुप्तच. राष्ट्रीय कृषी बाजार अर्थात ई-नाम ही ऑनलाइन व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. तिथेही सर्वोच्च बोली नाकारण्याची मुभा शेतकऱ्याला आहे.

या गुप्ततेला कुणी अन्याय म्हणत नाही. कारण निर्णय तिथल्या तिथे होतो. शेतकऱ्याने मान हलवली की व्यापारी पुढच्या ढिगाकडे जायला मोकळा. त्याचे पैसे अडकत नाहीत आणि उद्याचा भाव पाहून आज लावलेल्या बोलीवर हो म्हणण्याची सोय शेतकऱ्याला नसते. राज्यात बाजार नियमनाचा कायदा १९६३ साली आला आणि उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तो रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या ‘हत्ता पद्धती’च्या विरोधात. तिथे विकणाऱ्याचा आकडा नव्हे, तर घेणाऱ्यांचे आकडे लपवले जात आणि ज्याचा माल त्यालाच कोण किती देतो हे कळत नसे. कोण काय लपवतो आणि त्या काळात कुणाचे हात बांधलेले असतात, हे पाहिल्याशिवाय गुप्ततेचा न्याय करता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

कायदा काय सांगतो?

जंगम मालाच्या लिलावाला वस्तुविक्री कायदा, १९३० चे कलम ६४ लागू होते. कलम छोटे आहे, पण नेमके आहे. हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने लिलाव संपल्याचे जाहीर झाले, की विक्री पूर्ण होते. तोपर्यंत बोलीदाराला बोली मागे घेता येते. विक्री राखीव किमतीच्या अधीन आहे असे जाहीर करता येते. म्हणजे ‘राखीव किंमत आहे’ ही घोषणा अपेक्षित आहे. ती किती आहे हे सांगण्याची सक्ती नाही. गुप्त राखीव किमतीला मुभा मिळते ती इथूनच.

पण त्याच कलमात एक लक्ष्मणरेषाही आहे. विकणाऱ्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क उघडपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा कुणाकरवी बोली लावणे बेकायदा आहे. किंमत चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या असतील, तर घेणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो. ऑनलाइन जगात याचा अर्थ स्पष्ट आहे. गुप्त किमतीपर्यंत भाव नेण्यासाठी एखाद्या बनावट खात्यातून बोली वाढवली, तर ती राखीव किंमत राहत नाही, फसवणूक होते. किंमत झाकण्यास मुभा आहे. खोटा स्पर्धक उभा करण्यास नाही.

इंग्लंडमध्ये १९०७ साली ‘मॅकमॅनस विरुद्ध फोर्टेस्क्यू’ खटल्यात लिलाव करणाऱ्याने चुकून राखीव किमतीखालीच हातोडा मारला होता. न्यायालयाने घेणाऱ्याचा दावा फेटाळला. राखीव किंमत असल्याचे आधी सांगितले होते, त्यामुळे प्रत्येक बोली त्या अटीनेच लागली होती, असे कारण दिले. भारतातही सर्वोच्च बोली लावली म्हणून माल मिळण्याचा हक्क आपोआप तयार होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. हरियाणा शहरी विकास प्राधिकरणाच्या भूखंड लिलावाबाबतचा जानेवारी २०१७ चा निकाल त्यातलाच.

मात्र २०२३ मध्ये ‘इव्हा अ‍ॅग्रो फीड्स’ प्रकरणात न्यायालयाने दुसरी बाजू ठळक केली. दिवाळखोरीतील एका कंपनीच्या मालमत्तेची राखीव किंमत १० कोटी रुपये जाहीर झाली होती. एकच बोली आली, तीही १० कोटींची. लिक्विडेटरने आणखी जास्त मिळेल या आशेने लिलाव रद्द केला. केवळ जास्त किमतीची अपेक्षा हे लिलाव रद्द करण्याचे पुरेसे कारण नाही, असे न्यायालयाने ठरवले. इथे एक बारकावा सुटू नये. बोलीदार जिंकला, कारण रेषा उघड होती. आकडा गुप्त असता, तर ‘गाठली नाही’ एवढे सांगून लिक्विडेटर मोकळा झाला असता. शिवाय सरकारी संस्थेला मनमानी करता येत नाही हे तत्त्व खासगी कारखान्याच्या भंगाराला लागू होत नाही. तिथे लिलावाच्या अटी हाच करार, आणि ‘मी सहमत आहे’च्या चौकोनात टिचकी मारली की सही झाली.

बँकांच्या लिलावात किंमत उघड का असते?

मराठी दैनिकांत पान भरून येणाऱ्या ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावरच्या ई-लिलाव नोटिसा वाचकांच्या परिचयाच्या आहेत. राखीव किंमत, इसारा अनामत रक्कम, बोली वाढविण्याची रक्कम. भाषा अगम्य असली तरी आकडा असतोच. सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांनुसार स्थावर मालमत्तेचे मान्यताप्राप्त मूल्यांकन करून घेऊन राखीव किंमत ठरवावी लागते, ती नोटिशीत द्यावी लागते आणि नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतील, प्रसिद्ध करावी लागते. राखीव किमतीखालची विक्री कायम करता येत नाही. तिच्याहून अधिक किंमत मिळालीच नाही, तर कर्जदार आणि कर्ज देणारी बँक या दोघांच्या संमतीनेच पुढे जाता येते.

हा फरक उगाच नाही. कारखाना भंगार विकतो तेव्हा माल त्याचाच आणि नफा-नुकसानही त्याचेच. बँक विकते ती दुसऱ्याची मालमत्ता. निघोज्यातल्या एखाद्या छोट्या उद्योजकाचे शेड लिलावात निघाले, तर किती किमतीला विकले यावर त्याच्या डोक्यावर किती कर्ज उरणार हे ठरते. त्याला राखीव किंमत कळली नाही, तर ती फार कमी लावली आहे अशी हरकतही घेता येणार नाही. ज्याच्या मालमत्तेचा प्रश्न आहे त्याच्यापासून आकडा लपवता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच सांगितला जातो.

उघडपणाची किंमतही मोजावी लागते. बाफना मोटर्स (मुंबई) या कंपनीच्या गहाण मालमत्तेचे आठ लिलाव फसले. पुढच्या लिलावात राखीव किंमत १०५ कोटी होती आणि सर्वोच्च बोली आली १०५ कोटी ५ लाखांची. रेषेच्या जेमतेम वर. पुढे कर्जदारांनी १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवण्याची तयारी दाखवली, मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये लिलावातील खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाचा मुद्दा कर्ज फेडून मालमत्ता सोडवण्याचा हक्क कधी संपतो हा होता, राखीव किमतीचा नव्हे. पण उघड आकड्याभोवती बोली कशी चिकटते, हे त्यात आयतेच दिसते. गुप्ततेचे समर्थक नेमके यावरच बोट ठेवतात.

अर्थशास्त्रज्ञ काय म्हणतात?

रॉजर मायरसन यांनी १९८१ मध्ये दाखवले की, विकणाऱ्याने राखीव किंमत ठेवणे, तीही स्वतःच्या लेखी मालाचे जे मोल आहे त्याहून थोडी वर, हे त्याच्या फायद्याचे असते. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी पुढच्याच वर्षी दुसरा मुद्दा मांडला. मालाचे खरे मोल कुणालाच नीट माहीत नसेल, तर विकणाऱ्याने आपल्याकडची माहिती प्रामाणिकपणे उघड केल्यास बोली सरासरीने वाढतात, कारण फसण्याची भीती कमी होते. भंगाराला हे तंतोतंत लागू पडते. ढिगात तांबे किती आणि माती किती, हे कारखान्यालाच सर्वांत चांगले माहीत असते. त्याने लावलेला आकडा हीच एक माहिती असते.

प्रत्यक्षातला पुरावा मिळाला तो गमतीदार मालावर. रमा काटकर आणि डेव्हिड रायली यांनी ईबेवर पोकेमॉनच्या १०० पत्त्यांचा लिलाव केला. एकसारख्या पत्त्यांच्या ५० जोड्या. एकाला उघड किमान किंमत, जोडीदाराला तेवढीच गुप्त. गुप्त किमतीचे पत्ते कमी विकले गेले, गंभीर बोलीदार कमी आले आणि विकणाऱ्याच्या हाती सरासरीने कमी पैसे पडले. पत्ते स्वस्त होते, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. पॅट्रिक बजारी आणि अली होर्ताचसू यांनी २००३ मध्ये नाण्यांच्या ईबे लिलावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महागड्या नाण्यांसाठी गुप्त किंमत अधिक वापरली जात असल्याचे आणि तिथे ती विकणाऱ्याच्या सोयीची ठरू शकत असल्याचे दिसले. म्हणजे रोजच्या कटिंगच्या लॉटसाठी गुप्तता बहुधा विकणाऱ्यालाच महाग पडते. एकुलत्या एका जुन्या प्रेस मशिनबाबत गणित वेगळे असू शकते.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो चित्रांच्या बाजारात जुना आहे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजने मुंबईत भारतातला आपला पहिला लिलाव घेतला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचे चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. अशा लिलावांत राखीव किंमत गुप्तच असते. पण प्रत्येक चित्रापुढे किमान आणि कमाल अंदाज छापलेला असतो आणि राखीव किंमत किमान अंदाजाहून जास्त नसेल, हे क्रिस्टीजच्या अटींत नमूद असते. आकडा झाकलेला, पण त्यावरची मर्यादा उघड. त्या मर्यादेपलीकडे बोली नेली की माल मिळणार, याची खात्री बोलीदाराला असते.

औद्योगिक भंगाराच्या लिलावात हे आणणे कठीण नाही. ऑनलाइन मंचावर तर आणखी सोपे. राखीव किंमत लिलावापूर्वी प्रणालीत भरून कुलूपबंद करायची, ती कधी भरली याची वेळ नोंदवायची आणि लिलाव संपताच सर्व बोलीदारांना दाखवायची. बोली रेषेवर गेली असेल तर विक्री तिथेच पक्की; खाली राहिली असेल तर बयाणा त्याच दिवशी मोकळा. विकणाऱ्याला खालची बोली तरीही घ्यायची असेल, तर त्याने बोलीदाराला विचारावे आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्क बोलीदारालाही असावा. साटेलोटे मोडण्यासाठी लिलाव चालू असताना जेवढी गुप्तता लागते, तेवढी यात पूर्ण राहते. जाते ती फक्त नंतर दोरी सरकवण्याची सोय. प्रत्येक लिलावानंतर आकडा उघड झाला तर टोळक्याला पुढच्या वेळचा अंदाज येईल, हा आक्षेप खोटा नाही. पण भंगाराचा भाव आठवड्याला बदलतो. जुना आकडा फार दिवस कामाचा राहत नाही.

तोवर बोली लावणाऱ्याने काय पाहावे?

अटींच्या कागदात चार गोष्टी शोधाव्यात. राखीव किंमत आहे असे स्पष्ट लिहिले आहे का. ‘मंजुरीच्या अधीन’ राहिलेली बोली किती दिवस बांधील असते. त्या मुदतीत निर्णय आला नाही तर बोली आपोआप रद्द होते का. आणि नाकारल्यानंतर बयाणा किती दिवसांत परत मिळतो. विकणाऱ्याला स्वतः बोली लावण्याचा हक्क राखला आहे का, हेही वाचावे, कारण तो राखला असेल तर कलम ६४ चे ते संरक्षण उरत नाही. मुदत लांब असेल, तर भाव पडण्याची जोखीम बोलीतच धरावी लागते. वरच्या उदाहरणातल्या व्यापाऱ्याने दहा दिवसांची जोखीम म्हणून किलोमागे रुपया कमी धरला, तर २० टनांवर कारखान्याचे २० हजार रुपये कमी होतात. तोच लॉट तीनदा नाकारला जाऊन चौथ्यांदा लिलावात आला असेल, तर त्याचा जुना क्रमांक आणि त्या वेळच्या बोली वहीत लिहून ठेवणे हा जुन्या व्यापाऱ्यांचा रिवाज. नाकारलेल्या बोली रेषेची खालची बाजू सांगतात, आणि गुप्त किंमत बहुधा तिच्या थोडी वर असते.